सगळी पेठ तुमच्याकडंच आली

अण्णा, तुमच्या मयताला लई माणसं आलती. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच केला असता, "किती जमलते गं?" गर्दीची हौस तुम्हाला दांडगी. कुणाच्या बारशाला गेलात तरी दारातल्या चपला बघून आत किती माणसं असतील त्याचा अंदाज घ्यायचात. तर ऐका. तुमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शहापूरचे साडीवाले आलते, वडगावचे मागवाले आलते, ज्यांच्याशी तुमची बोलचाल बंद होती तेबी मान खाली घालून आलते. वडगावचा बसप्पा तर लहान पोरासारखा रडत होता. एवढी माणसं बघून वैनींना त्या अवस्थेतसुद्धा थोडा आधार वाटला असेल.

आणि मी भिंतीला टेकून बसले होते, आणि मला तुमचा राग आलता. असा राग, की रडायलाबी धड येईना. मरायला तुम्हाला दुसरा दिवस मिळाला नाही व्हय? आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नेमकं सुनावणीच्याच सकाळी? सगळी पेठ तुमच्याकडं आली, म्हणून तिकडं पालिकेत कुणीसुद्धा गेलं नाही. ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही सगळ्यांच्या उंबऱ्याशी चपला झिजवल्या, ती गोष्ट तुमच्याच मयतात गेली, अण्णा.

तुमचं भाषण मला पाठ आहे. माझ्याच दुकानात स्टुलावर बसून तुम्ही ते घासून घासून तयार केलंत. "पट्टी भरतो आपण इथं. नाला तुंबतो इथं. मागाच्या शेडात गुडघाभर पाणी शिरतंय ते इथं. आन नाल्याला पैसा द्यायचा का न्हाई, ते ठरतंय बेंगळुरात. हितनं कागद जातो, तिकडनं कागद येतो, तवर आमच्या साड्या भिजून जात्यात." मग एक बोट वर करायचात. "आपल्या पट्टीतला वाटा आपल्याच पालिकेनं ठरवून आपल्याच शहरात घालायचा. एवढंच मागतोय. चंद्र मागतोय का?"

पालिकेच्या सभागृहानं तसा ठराव केलाही. पण नगरसेवकांचं म्हणणं वर कोण मनावर घेतंय? निवडणुकीचा खेळ म्हणून सोडून देतात. शहरात सगळ्यात जास्त पट्टी भरणारे व्यापारी आणि मागवाले जर वर्षातनं एकदाच होणाऱ्या सुनावणीत उभे राहून म्हणाले, की आमचा पैसा आमच्याच पालिकेला खर्च करू दे, आम्ही तिच्या पाठीशी आहोत, तरच त्या ठरावाला वजन येणार होतं. हे तुम्ही ओळखलंत. पेठेत दुसऱ्या कुणी ओळखलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि व्यापाऱ्याला पालिकेची बाजू घ्यायला लावणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं काम. मी हसलेच होते तुम्हाला.

"पालिकेला आनखी मोकळं रान देताय व्हय अण्णा?" साडीवाले विचारायचे. "गाळ काढायचं जमंना त्यास्नी."

तुम्ही म्हणायचात, "गाळ काढला न्हाई तर जाऊन गचांडी तरी धरता येती. बेंगळूरला कुणाची धरणार? आन जायला-यायला तिकीट कोण काढणार, तुझा मेव्हणा?"

ते हसायचे. हसले की तुम्ही खुर्ची ओढून बसायचात, चहा मागवायला लावायचात, आणि तो चहा संपेपर्यंत माणूस हो म्हणालेला असायचा. एकेक दुकान, एकेक शेड करत तुम्ही सगळी पेठ बांधलीत. तुमचा स्वतःचा धंदा तेवढ्यात बसत चालला, वैनी माझ्याकडं येऊन कुरकुरायच्या, पण तुम्हाला थांबवायचं धाडस त्यांना नव्हतं आणि मलाही नव्हतं.

आमचे हे गेल्यावर मी दुकान उघडलं, तेव्हा पेठेतली निम्मी माणसं समोरून जाताना दुसरीकडं बघायची. बाईनं पाहिजे तर साड्या विकाव्यात, मागाचे धोटे आणि पट्टे कशाला विकायला बसावं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही आत आलात, स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "शैला, पट्टे दाखव बघू." तुमच्याकडं पट्ट्यांचं पोतं भरून पडलेलं होतं, हे वैनींनी मला फार मागाहून सांगितलं. त्यानंतर रोज दुपारी तुम्ही त्या स्टुलावर. कंपनीचा माणूस येऊन मला भाव चढवून सांगायला लागला की तुम्ही पेपरातनं डोकंसुद्धा वर न काढता खाकरायचात. तेवढ्यावर तो भाव खाली यायचा. माझं दुकान उभं राहिलं ते तुमच्या खाकरण्यावर, अण्णा. आणि याबद्दल मी तुम्हाला एक गोड शब्द बोलले नाही. "गिऱ्हाईक आलंय, सरका की जरा," हेच म्हणत आले. आभार मानले असते तर तुम्हीच थट्टा केली असती म्हणा. पण मानायला पाहिजे होते.

भांडणं मात्र आपण मन लावून केली. तुम्ही सुनावणीसाठी आपल्या पेठेच्या संघटनेचं म्हणणं कानडीत तयार केलंत, तेव्हा मी म्हटलं, मराठीतबी द्या. इथल्या निम्म्या माणसांची भाषा आहे ती, तिला कागदावर जागा नको? तुम्ही मान हलवलीत. "ते भांडण वेगळं, हे वेगळं. ते सोडायचं न्हाई. पर दोन्ही एका पोत्यात घातलंस की बसप्पा उठून जाईल. आन बसप्पा गेला की निम्मं वडगाव गेलं."

"मग आपणच दर वेळी गप बसायचं?"

"नाल्याचं पाणी काय विचारून आत येतंय व्हय, तू मराठी का कानडी म्हणून?"

मी त्यानंतर कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही येऊन बसायचात, मी पट्टे मोजायची, तुम्ही पेपर वाचायचात. मला अजून तुमचं पटलेलं नाही. दोन्ही मागता येतं असं मला आजही वाटतं. "एकदा ही सुनावणी पार पडू दे, मग तू आन मी निवांत भांडू," असं म्हणून तुम्ही तो विषय उचलून ठेवलात. आता कुणाशी भांडू? या पेठेत माझ्याशी भांडायला उभा राहणारा एक माणूस होता. बाकीचे आक्का आक्का म्हणून वाट काढून जातात.

पण खरी काळजी मला दुसरीच होती आणि ती मी तुम्हाला तोंडावर सांगितली होती. "अण्णा, सुनावणीत तुमच्याशिवाय आणखी एकाला बोलायला तयार करा. तुम्हाला ताप आला, घसा बसला, काहीबी होईल." तुम्ही हात झटकलात. "मी हाय की. बाकीच्यांनी नुसतं मागं बसायचं. माणसं दिसली म्हंजे झालं." मी परत म्हटलं, तुम्ही परत म्हणालात, मी हाय की. कुठं हाय, अण्णा? सांगा की आता, कुठं हाय?

त्या सकाळी मी चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहा ठेवला होता. शेजारच्या शेडातले माग थांबले. मग पलीकडचे थांबले. मग मागच्या गल्लीतले. आपल्याकडं असं झालं की माणूस आधी वर बघतो. पंखा फिरत होता. करंट गेलेला नव्हता, म्हणजे कुणीतरी माणूस गेलं होतं. मी दारात आले तर समोरची सुमन तोंडाला पदर लावून उभी. तिनं तुमचं नाव घेतलं आणि मी तिला म्हटलं, "गप, काहीतरीच काय बोलालीस?" आंघोळीला पाणी काढता काढता बसलात आणि उठला नाहीत, असं ती सांगत होती. मी मागं येऊन गॅस बंद केला आणि तशीच तुमच्याकडं निघाले.

कोपऱ्यावर संघटनेचे अध्यक्ष उभे होते. तुमच्याहून वयानं लहान, पण तुम्हीच त्यांना खुर्चीवर बसवलेलं. फोनवर सगळ्यांना सांगत होते, "कडकडीत बंद. एकबी शटर उघडायचं न्हाई. अण्णांसाठी एवढं तरी केलंच पाहिजे." बंद! तुम्हाला बंदचा किती तिटकारा होता हे त्यांना ठाऊक नव्हतं का? या भागात कुणी शिंकलं तरी बंद होतो, आणि दर बंदला तुम्ही शिव्या घालायचात. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"सुनावणी आज हाय, दादा. निम्म्यांनी इकडं थांबा, निम्मे तिकडं जावा. दोन माणसं बोला, बाकीचे बसा. अण्णांनी सगळं तयार करून ठेवलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जशी काय मी त्यांच्या थोबाडीत मारली. "आक्का, माणूस दारात पडलाय. तुम्हाला सुनावणी सुचालीय?"

अण्णा, ते खोटं बोलत नव्हते. आपली माणसं अशीच आहेत. लग्नाला कुणी आलं नाही तर चार दिवसांत विसरतात, मयताला आलं नाही तर मुलाबाळांना सांगून ठेवतात. त्या जागी दुसरं कुणी गेलं असतं तर पहिला खांदा तुम्हीच दिला असता, आणि सुनावणी गेली उडत असं म्हणाला असता. हे मला कळतं. कळतं म्हणूनच जीव जास्त जळतो. कुणावर ओरडू? कुणी लबाडी केली असती, कुणी फितूर झाला असता, तर त्याच्या नावानं बोटं तरी मोडली असती. इथं सगळ्यांनी तुमच्यावर माया केली आणि त्या मायेनंच घात केला.

तुम्हाला नेलं. आम्ही बायका मागं राहिलो. एकजण अंगणात पाणी मारत होती, दोघी वैनींना धरून बसल्या होत्या. मी उठले. आंघोळ न करता मयताच्या घरातनं कुठं जायचं नसतं, हे मलाही शिकवलेलं आहे. मी पदर डोक्यावर घेतला, रिक्षा केली आणि पालिकेत गेले.

मोठा हॉल. पुढच्या रांगेत तुमच्या लोकांसाठी खुर्च्या मांडलेल्या, त्यांच्यावर पांढरी कापडं. सगळ्या रिकाम्या. मागं दोघं नगरसेवक हताश होऊन बसलेले आणि शेजाऱ्याच्या भिंतीची तक्रार घेऊन आलेला एक म्हातारा. सुनावणी घेणारे साहेब वाईट नव्हते. कानडीत म्हणाले, बसा अम्मा, तुमची माणसं कुठं आहेत? मी म्हटलं, स्मशानात आहेत, आमचा माणूस गेलाय. ते खुर्चीवरनं उठून उभे राहिले, क्षणभर मान खाली घातली. मग विचारलं, तुम्ही संघटनेतर्फे बोलणार का? मी म्हटलं, हो, बोलते. त्यांनी विचारलं, पदाधिकारी आहात? नाही. मग अध्यक्षांनी निदान फोनवर तसं सांगितलं तरी मी लिहून घेईन, म्हणाले. एवढी सवलत दिली त्यांनी.

मी फोन लावला. वाजून बंद झाला. परत लावला, परत बंद झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं नाही, उगीच कागद सारखे करत बसले. शेवटी अध्यक्षांनी उचलला. मागं माणसांचा आवाज येत होता आणि काहीतरी तडतडत होतं.

"दादा, एक शब्द बोला फक्त. शैला आमच्या वतीनं बोलंल म्हणून. साहेब समोर हाईत, देऊ का त्यांच्याकडं?"

"अग्नी दिलाय आत्ताच," ते म्हणाले. दबक्या आवाजात. "आक्का, लाज धरा की जराशी." आणि फोन ठेवला.

मी तरीही बोलले. तुमचंच बोलले, शब्द न शब्द. पट्टी इथं, नाला इथं, पैसा ठरतो तिकडं. पण तुम्ही सांगायचात तेव्हा माणसं हसायची आणि ऐकायची. मी सांगत होते आणि माझा आवाज फाटत होता, आणि साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. खाली लिहून घेतलं, एक नागरिक, वैयक्तिक मत. व्यापारी वर्गातर्फे कुणी हजर नाही. पायऱ्या उतरताना एक नगरसेवक माझ्यासोबत आला. म्हणाला, "आता असा ठराव वर पाठवून काय उपयोग, आक्का? हसतील. पुढच्या वर्षी परत मांडू." पुढच्या वर्षी म्हणे! या पावसात नाला फुगणार नाही असं त्यानं नाल्याला सांगून ठेवलंय का?

घरी येऊन डोक्यावरनं पाणी घेतलं आणि मग मला रडू आलं. तोवर पेठेत बातमी पोचली होती. सरण पेटलेलं असताना शैला पालिकेत बसली होती. बायका तीन-चार दिवस मला टाळून बाजूनंच गेल्या. वैनींना काय सांगितलं कुणास ठाऊक.

तरी मी हात टेकले नव्हते. तुमचं दिवसकार्य झाल्यावर बसप्पाकडं गेले. शेडात तो एकटा बसला होता, सुताचा गुंता सोडवत. म्हटलं, "मामा, आपण सगळे मिळून परत सुनावणी मागू. तुम्ही वडगाव आणा, मी शहापुरात फिरते. साहेब माणूस बरा आहे, नाही म्हणणार नाही."

त्यानं गुंत्यातला एक धागा ओढून काढला. मग म्हणाला, "होगली बिडू, आक्का. जाऊ दे." आणि मग मोडक्या मराठीत, "आम्ही अण्णाच्या तोंडाकडं बघून हो म्हटलं. पालिकेवर आमचा भरोसा कधी होता? भरोसा अण्णावर. अण्णा न्हाई, आता कुणासाठी यायचं?"

मी त्याला नाल्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. गेल्या पावसात त्याचाच सुतानं भरलेला बीम भिजून वाया गेला होता. त्यानं सगळ्याला मान हलवली. सगळं खरं आहे म्हणाला. मी त्याच्या बायकोनं दिलेला चहा प्याले आणि परत आले.

तेव्हा मला तुमचा परत राग आला, अण्णा, पहिल्यापेक्षा जास्त. तुम्ही या माणसांना त्यांच्याच पैशावरचा हक्क समजावला, असं मला वाटत होतं. तुम्ही त्यांना फक्त स्वतःची माया लावलीत. तुमच्या चहाला आणि तुमच्या चेष्टेला ते हो म्हणाले. मीसुद्धा त्यातलीच, खोटं कशाला बोलू. तुम्ही स्टुलावर बसून सांगितलं नसतं तर पालिकेचा पैसा कुठं जातो याची मी कधी चौकशी केली असती का?

काल शोकसभा झाली. संघटनेच्या हॉलमध्ये. तुमचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला काढून मोठा केलाय, खांद्यावर दुसऱ्याच माणसाचा अर्धा हात तसाच राहिलाय. वैनी पुढं बसल्या होत्या. हॉल गच्च भरला होता, माणसं दारात उभी होती. मी मागं एका कोपऱ्यात बसले.

आणि अण्णा, सगळे बोलले. एकेकजण उठून बोलला. साडीवाले बोलले, मागवाले बोलले, बसप्पा कानडीत बोलला. शहराच्या पैशावर शहराचा हक्क पाहिजे, हे अण्णांचं स्वप्न होतं. आपली पट्टी आपल्या नाल्यासाठी. आपली पालिका, आपला निर्णय. काय सुंदर बोलत होते! मुद्दा चुकत नव्हता, शब्द अडत नव्हता. कुणीतरी तिकिटाचा आणि मेव्हण्याचा किस्सा सांगितला आणि लोक रडता रडता हसले. मी ऐकत होते. एवढं बोलायला येत होतं तर त्या दिवशी पालिकेच्या हॉलमध्ये एकानं येऊन एवढंच बोलायचं होतं की रे.

शेवटी अध्यक्ष उठले. म्हणाले, अण्णांची आठवण कायम राहावी म्हणून एक ठराव मांडतो. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला सगळी पेठ बंद राहील. एक माग चालणार नाही, एक शटर उघडणार नाही, सगळ्यांनी अण्णांच्या घरी जमायचं.

पालिकेची सुनावणी दरवर्षी त्याच सुमारास असते. मी उठून उभी राहिले. "दादा, त्या दिवशी बंद नको," एवढं म्हटलं, आणि पुढं बोलायच्या आत चारी बाजूंनी माना वळल्या. "आक्का, आजचा दिवस तरी," कुणीतरी हळू म्हणालं. बसप्पानं डोळ्यांनीच मला खाली बसायची खूण केली.

अध्यक्ष म्हणाले, ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी हात वर करा.

सगळे हात वर गेले. मराठी, कानडी, साडीवाले, मागवाले, दारात उभे होते त्यांचेसुद्धा. माझ्याशिवाय एक माणूस मागं राहिला नाही. वैनींनी तो हॉल सगळा बघितला, एकदा इकडनं तिकडं, आणि मग डोळे भरून मागं वळून माझ्याकडं बघायला लागल्या.

मग मीबी हात वर केला, अण्णा.